खळ्याच्या कडेला



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास झाला, नाट्यसंगीत झाले, संतसाहित्य तर तीनदा झाले. यंदा तुम्ही एका निवृत्त आकडेमोड्याला उभे केले आहे. संयोजकांनी फोनवर विचारले, "पत्रिकेत विषय काय छापू?" मी म्हणालो, "अणुकेंद्रकाचे खळे." पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "खळं म्हणजे शेतातलं का चंद्राभोवतीचं?" गृहस्थांचे आजोळ परभणीकडचे असावे, शहरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. मी म्हणालो, दोन्ही.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमतो, त्यांनी मला पदार्थविज्ञान शिकवले ते इंग्रजीतून. स्वतः मात्र ते शिकले होते उर्दूतून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उच्च शिक्षण देशी भाषेतून द्यायचेच या निश्चयाने. त्याच्या आदल्याच वर्षी दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते, उभे राहिले होते आणि पदार्थविज्ञानापासून वैद्यकापर्यंतची पुस्तके तिथे उर्दूत उतरू लागली होती. रझीउद्दीन सिद्दीकी याच विद्यापीठात गणित शिकवीत; लाइपझिगला हायझेनबर्गपाशी शिकून आलेला हा माणूस. पोलीस ॲक्शननंतर ते माध्यम गेले, पण सरांच्या तोंडून अणूला 'जौहर' आणि केंद्रकाला 'मरकज़' हे शब्द निसटत. ते म्हणत, ज्या गोष्टीला घरचा शब्द सापडला नाही ती गोष्ट अजून कळलेली नाही. मला हे सगळे पटत नाही. 'न्यूट्रॉन'ला घरचा शब्द नाही, म्हणून न्यूट्रॉनचे काही अडलेले नाही. पण आजच्या विषयापुरते सर बरोबर होते. इंग्रजीत ज्याला 'हेलो' म्हणतात त्याला आपल्या काही पुस्तकांत 'तेजोवलय' म्हटलेले दिसते. तेजोवलय संतांच्या डोक्यामागे असते. इथे तेज वगैरे काही नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी चंद्राभोवती जे फिकट, पसरट, हाती न लागणारे कडे दिसते, ते खळे.

आधी साध्या केंद्रकाबद्दल. घट्ट वळलेला रव्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. लहान लाडू असो की मोठा, रवा सारखाच दाबलेला. केंद्रकाचेही तसेच: लोखंडाचे घ्या की शिशाचे, आतली दाटी जवळजवळ तीच. म्हणून कण आठपट झाले तर त्रिज्या दुप्पट होते, जास्त नाही. लांबी मोजायला आम्ही फर्मी हे एकक वापरतो. मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग म्हणजे एक फर्मी. २०८ कणांच्या शिशाची त्रिज्या या हिशोबाने सात फर्मीच्या आसपास येते आणि ११ कणांच्या केंद्रकाची पावणेतीनच्या आसपास. हा नियम इतका चोख चाले की कोणी त्याच्याकडे वळून पाहत नसे.

१९८५ साली इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलीच्या बेव्हॅलॅक या त्वरकावर लिथियमची वेगवेगळी केंद्रके बनवून ती पातळ पत्र्यांवर सोडली. किती आरपार जातात आणि किती वाटेत धडकतात एवढेच मोजायचे. मोठी वस्तू जास्त धडकते. लिथियम-६, ७, ८, ९ शहाण्या मुलांसारखी वागली. लिथियम-११ मात्र एकदम फुगलेले निघाले. दोन वर्षांनी हान्सेन आणि योन्सन या दोघांनी त्याचा अर्थ लावला: लिथियम-९ चा नेहमीचा घट्ट लाडू आत आहे, आणि उरलेले दोन न्यूट्रॉन इतके सैल बांधलेले आहेत की त्यांचा वावर थेट शिशाच्या केंद्रकाएवढ्या परिघात पसरला आहे. हे केंद्रक साधारण नऊ मिलिसेकंदांच्या अर्धायुष्यापुरते टिकते. आणि गंमत अशी की दोघांतला एक न्यूट्रॉन काढला तर दुसराही राहत नाही. लिथियम-१० बांधलेले राहूच शकत नाही. तिघे मिळून संसार, दोघांचा नाही.

आता सैल बांधले की पसारा का वाढतो? इथे मी फळ्यावर एकच सूत्र लिहिणार होतो. संयोजकांनी फळा दिला नाही, हे बरेच झाले. शब्दांत सांगतो. केंद्रकाच्या बाहेर कणाला असण्याइतकी ऊर्जा नसते. तरीही पुंज यांत्रिकीत त्याचा तरंग बाहेर डोकावतो आणि अंतराबरोबर भराभर विझत जातो. किती अंतरात विझतो ते बांधणीच्या ऊर्जेच्या वर्गमुळावर ठरते. बांधणी चौपट ढिली, तर शेपटी दुप्पट लांब. नेहमीच्या केंद्रकातून एक न्यूट्रॉन उपटायला सुमारे आठ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्याची शेपटी दीड-पावणेदोन फर्मीत विझते. बेरिलियम-११ मधला शेवटचा न्यूट्रॉन उपटायला लागतात जेमतेम अर्धा दशलक्ष. त्याची शेपटी पावणेसात फर्मीपर्यंत पोचते, आणि आतला बेरिलियम-१० चा लाडू तर अडीच फर्मीचासुद्धा नाही.

शेतातल्या खळ्याची उपमा इथे उपयोगी पडते. मधोमध तिवडा पुरलेला, त्याला बैलांची पात बांधलेली. आतला बैल जागच्या जागी वळतो, सर्वांत बाहेरच्याला सगळा फेरा पडतो. बाहेरचा बैल म्हणजे आपला न्यूट्रॉन. पण उपमा इथेच सोडून द्या. बेरिलियम-११ मधला न्यूट्रॉन तिवड्याभोवती फिरतच नाही. पाठ्यपुस्तकाप्रमाणे त्याने ज्या कक्षेत असायला हवे तिथे त्याला कोनीय संवेग असता. प्रत्यक्षात तो शून्य संवेगाच्या कक्षेत जाऊन बसला आहे. तालमी आणि उना यांनी १९६० मध्येच या उलटापालटीचा माग काढला होता, खळे सापडण्याच्या पंचवीस वर्षे आधी. फिरणाऱ्या कणाला बाहेर पसरताना आडकाठी असते, न फिरणाऱ्याला नसते. खळे पडले ते त्यामुळे.

माझी एक फजिती इथे सांगण्यासारखी आहे. तरुणपणी मी अशाच एका केंद्रकाचे गणित मांडले. आम्ही तेव्हा सगळे तरंग स्प्रिंगला बांधलेल्या कणाच्या तरंगांत मोडून बसवत असू. गणित सोपे होते आणि संगणकाला झेपते. ऊर्जा जुळली, मधली घनता जुळली. मी खूश. स्प्रिंगची अडचण अशी की जितके दूर जाल तितकी ती जोराने ओढते, त्यामुळे तिचे तरंग काठावर फार लवकर मरतात. मी न्यूट्रॉनच्या शेपटीवर कात्री चालवली होती आणि मला पत्ताही नव्हता. सरांना आकडे दाखवायला घेऊन आलो तर बडी चावडीच्या घरात, चहा गाळता गाळता त्यांनी विचारले, "दहा फर्मीवर किती आहे?" मी ते कधी पाहिलेच नव्हते. एकूण ऊर्जेत त्या भागाचा वाटा इतका किरकोळ की तिथे काहीही असले तरी उत्तर हलत नाही. आणि आज मला ज्या दुर्मीळ ऱ्हासांविषयी बोलायचे आहे, ते सगळे घडतात तिथेच.

हीच खोच पवईच्या आयआयटीत पुष्कळ नीट सांभाळली गेली. ए. भागवत, वाय. के. गंभीर आणि एस. एच. पाटील यांनी २००० साली खळ्याच्या प्रदेशातल्या केंद्रकीय घनतेवर लेख लिहिला. पाटलांचा जन्मभराचा ध्यासच मुळी दूरच्या काठावर तरंग कसा वागतो हा. त्यांची युक्ती अशी: घनतेचे एक साधे सूत्र मांडायचे, जे केंद्राजवळ जसे असायला हवे तसे असेल आणि दूर काठावर कण उपटण्याच्या मोजलेल्या ऊर्जेने ठरते तसेच विझेल. दोन्ही टोके आधी पक्की, मधले भरून घ्यायचे. माझ्या पद्धतीच्या नेमकी उलट.

आता ऱ्हासाकडे. हैदराबादेत 'परसों' या शब्दाचा अर्थ बाहेरच्याला कधी कळत नाही. परसों म्हणजे गेल्या आठवड्यापासून निजामाच्या काळापर्यंत केव्हाही. किरणोत्सारी केंद्रकाचे भविष्य तसे असते. ते म्हातारे होत नाही. या क्षणी फुटण्याचा त्याचा संभव कालही तेवढाच होता. एकेकट्याबद्दल काही सांगता येत नाही, लाखोंबद्दल मात्र चोख सांगता येते: बेरिलियम-११ पैकी निम्मी १३.८ सेकंदांत जातात. एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात, उरते बोरॉन-११.

हिशोब रुपयांत करू. एक रुपया म्हणजे एक हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या राजमार्गावर सुमारे साडेअकरा हजार रुपये खर्चायला मिळतात. मोकळ्या न्यूट्रॉनकडे मात्र फक्त ७८२ असतात. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यापेक्षा तो तेवढाच जड. आता समजा, खळ्यातला न्यूट्रॉन मरकज़ला न विचारता, आपल्या आपणच, बाहेरच्या बाहेर प्रोटॉन झाला आणि तो प्रोटॉन उडून गेला. त्याला आधी बांधणीचे ५०२ रुपये चुकवावे लागतील. उरले २८०. त्यातच इलेक्ट्रॉन, प्रतिन्यूट्रिनो आणि प्रोटॉन तिघांची वाटणी. बांधणी ७८२ च्या वर असेल तर हा मार्गच बंद. म्हणजे जगातल्या बहुतेक सर्व केंद्रकांना तो बंदच आहे. उघडा आहे तो फक्त काही खळेवाल्यांना.

हा मार्ग किती वेळा घेतला जाईल? पाकिटाच्या पाठीवरचा ठोकताळा असा: मोकळ्या न्यूट्रॉनचे अर्धायुष्य सुमारे दहा मिनिटे, आणि बेरिलियम-११ ला मिळतात तेरा-चौदा सेकंद. म्हणजे शंभरात दोन-सव्वादोन. पण बीटा ऱ्हासाचा वेग उपलब्ध ऊर्जेच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. २८० भागिले ७८२, त्याचा पाचवा घात: एकशे सत्तरावा भाग. झाले दहा हजारांत एक. अजून प्रोटॉनला स्वतःचा वाटा घ्यायचा आहे, आणि चार प्रोटॉनांच्या तिवड्याचा धक्का पचवून नव्या कक्षेत बसायचे आहे. ब्रसेल्सचे डानिएल बाय आणि ताश्कंदचे तुर्सुनोव यांनी २०११ मध्ये नीट गणित करून आकडा काढला: दहा कोटींत तीन. सुरुवातीला न्यूट्रॉन आणि गाभा अशी बांधलेली जोडी, शेवटी प्रोटॉन आणि गाभा अशी मोकळी सुटलेली जोडी, आणि दोघांच्या तरंगांचा एकमेकांवर पडलेला ठसा. सुटसुटीत, स्वच्छ प्रतिमान. मला असली कामे आवडतात. लपवायला कुठे जागाच नसते.

दहा कोटींत तीन वेळा सुटणारा, तेही अगदी मंद प्रोटॉन पकडणार कसा? कार्स्टेन रीसेगर आणि मंडळींनी उलटी बाजू धरली. प्रोटॉन गेला तर मागे बेरिलियम-१० उरते, आणि ते जवळजवळ चौदा लाख वर्षांच्या अर्धायुष्याचे. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये बेरिलियम-११ चा झोत तांब्यात मुरवायचा, सगळे शांत होऊ द्यायचे, आणि मग तो तुकडा व्हिएन्नाला नेऊन त्वरकाच्या तराजूवर बेरिलियम-१० चे अणू एकेक मोजायचे. चोर नाही, पाऊल मोजायचे. २०१४ मध्ये आकडा आला: दहा लाखांत आठ. भाकितापेक्षा पावणेतीनशे पट.

गणित आणि मापन यांत दुप्पट-तिप्पट फरक पडला तर आम्ही आपसांत भांडतो. पावणेतीनशे पट पडला की गप्प होतो. त्या शांततेत २०१८ साली एक धाडसी कल्पना आली. मोकळ्या न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य बाटलीत कोंडून मोजले की सुमारे ८७८ सेकंद येते, झोतातून निपजणारे प्रोटॉन मोजून काढले की दहाएक सेकंद जास्त. फोर्नाल आणि ग्रिनस्टाइन म्हणाले, शंभरातला एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन न होता कुठल्या अदृश्य कणात विरून जात असेल काय? तसे असेल तर बेरिलियम-११ च्या खळ्यातला न्यूट्रॉनही विरेल, आणि मागे उरेल, बरोबर, बेरिलियम-१०. पाऊल तेच. चोर कोण, हे पावलावरून सांगता येत नाही.

मग प्रोटॉनच प्रत्यक्ष पाहणे भाग होते. यासिद आय्याद आणि सहकाऱ्यांनी कॅनडात, व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत, वायूने भरलेल्या कक्षात बेरिलियम-११ सोडले. वायूच माती आणि वायूच कॅमेरा. प्रोटॉन दिसले. २०१९ चा आकडा: दहा लाखांत तेरा. प्रोटॉनांची ऊर्जा १७८ रुपयांपाशी गोळा झालेली. विरून जाण्याच्या कल्पनेला निदान इथे तरी फारशी जागा उरली नाही. पण आमची लाज आणखी वाढली.

ऊर्जा गोळा झालेली होती, यातच उत्तर होते. प्रोटॉन मोकळा पसरत सुटत असता तर ऊर्जाही पसरलेली असती. ती एका जागी दाटली म्हणजे वाटेत बोरॉन-११ ची एखादी अरुंद पातळी उभी असणार, बोरॉनमधून प्रोटॉन सुटू शकतो त्या उंबऱ्यापासून फक्त दोनशे रुपयांवर. झोक्याला नेमक्या तालात धक्का बसावा तसा तिथे अनुनाद घडतो आणि संभव कित्येक पटींनी वाढतो. बाय-तुर्सुनोवांच्या प्रतिमानात उंबऱ्यापाशी अशी पातळी नव्हती. तेव्हा ती कोणाला ठाऊकही नव्हती. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगळ्या प्रयोगांनी दोन वेगळ्या वाटांनी ती शोधून काढली. त्यांतल्या फ्लोरिडातल्या प्रयोगात बेरिलियम-१० चाच झोत वापरला होता.

इथे थांबता आले असते, आणि सभागृहाबाहेर भजी तळल्याचा वास येतो आहे हेही मला कळते. पण मधली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. रीसेगर यांनी आपलाच प्रयोग पुन्हा केला. बारा नमुने, वेगवेगळ्या मांडणीत. आकडे एकमेकांशी जुळेनात. संशय एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीवर गेला: बेरिलियम-१० आणि एक हायड्रोजन यांचा रेणू. त्याचे वजन दहा अधिक एक, अकरा. वजनावरून निवडणाऱ्या यंत्राला तो बेरिलियम-११ पासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणजे तांब्यात मोजलेले बेरिलियम-१० ऱ्हासातून आलेच नसेल, ते आधीपासून वेषांतर करून बसले असेल. असे धरले तर खरा आकडा दहा लाखांत दोनाच्या फार वर जात नाही. २०२० साली त्यांनी हे छापले. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाखालची सतरंजी स्वतः ओढणारी माणसे मी आयुष्यात फार पाहिली नाहीत.

बेरिलियम-१० ही वस्तू आपल्याला परकी नाही. अंतराळातून येणारे विश्वकिरण हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनवर आदळून ती बनवतात. बर्नार्ड पीटर्स यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५ साली तिचा हिशोब मांडला, आणि १९५७ मध्ये गोयल, खारकर, लाल, नरसाप्पय्या, पीटर्स आणि यतिराजम यांचा खोल समुद्रातल्या गाळातील बेरिलियम-१० वरचा लेख आला. त्याच संस्थेचे फुगे आजही इथून, ईसीआयएल भागातून, वर जातात. बंजारा हिल्सच्या आडव्या-तिडव्या कातळांच्या गारगोटीतसुद्धा विश्वकिरण बेरिलियम-१० घडवत असतात, ते अडीच अब्ज वर्षांचे कातळ उघडे पडल्यापासून. खळ्यातल्या न्यूट्रॉनने मागे ठेवलेले आणि आकाशाने दगडात ठेवलेले, दोन्ही अणू तंतोतंत एकच. तराजूही एकच.

संस्थेचेच आणखी एक काम: इंद्रनील मजुमदार, ए. आर. पी. राव आणि व्ही. एस. भसीन यांनी २००६ मध्ये कार्बन-२० च्या खळ्याचे त्रिकुट तपासले. कार्बन-१८ चा गाभा आणि दोन न्यूट्रॉन. अशा त्रिकुटात येफिमोव यांनी १९७० मध्ये सांगितलेल्या विचित्र अवस्था असू शकतील का, हा प्रश्न. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि ते मी देणार नाही.

हेलियम-६ बद्दल मात्र दोन वाक्ये. त्याच्या खळ्यातले दोन न्यूट्रॉन बीटा ऱ्हासानंतर कधी कधी ड्युटेरॉन होऊन निघतात, दहा लाखांत काही मोजके. तिथे गाभ्याजवळच्या भागाचा हिस्सा धन येतो, खळ्याचा हिस्सा ऋण, आणि दोन्ही जवळजवळ फिटतात. हाती उरते ती शिल्लक. लाखाच्या उलाढालीतून निघालेल्या दोन रुपयांच्या नफ्यासारखी. वहीत कुठेही शंभराची चूक असली तर नफ्याचा आकडा कवडीमोल. 'दहा फर्मीवर किती आहे' हा सरांचा प्रश्न इथे जीव घेतो.

तर बेरिलियम-११ चे आज काय आहे? उंबऱ्यावरची पातळी आहे, याबद्दल फारसा वाद नाही. ती नेमकी तिथेच का, यावर ओकोलोविच, प्लोशायचाक आणि नाझारेविच म्हणतात की उंबऱ्याजवळ अशा पातळ्या येणे स्वाभाविक आहे. बाहेर मोकळ्या पसरलेल्या अवस्था आतल्या अवस्थांना आपल्याकडे ओढून घेतात. पण काही गणितांत ही पातळी धरूनही तेरापर्यंत पोचणे जड जाते. प्रत्यक्ष प्रोटॉन मोजणारे म्हणतात तेरा, मागे उरलेले मोजणारे म्हणतात फार तर दोन. कार्बन-१९ चे गणितही मांडून ठेवलेले आहे. त्याची बांधणी ५८० रुपयांची, म्हणून हाती उरतात फक्त दोनशे, आणि अर्धायुष्यच सुमारे पन्नास मिलिसेकंदांचे. त्यामुळे ते आणखी दुर्मीळ.

गेल्या महिन्यात मी जुन्या वहीतले ते गणित पुन्हा काढले. या वेळी शेपटी आधी बसवली, स्प्रिंग वापरली नाही. दहा फर्मीवरचा आकडा पहिल्याच पानावर लिहिला आहे. वही आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी भजी खाऊन हात पुसून यावे.